भुईवरची गादी

आमच्या झोपायच्या खोलीत झोपायची सोय सोडून सगळं होतं. नवरा मच्छीमारांच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करणारा आणि मी ब्लाउज शिवणारी, तेव्हा खोलीच्या एका अंगाला ग्रीसचे डबे आणि इंजिनांचे पंखे, दुसऱ्या अंगाला अस्तरांचे गठ्ठे आणि शिलाई मशीन. कपाटावर गणपतीच्या सजावटीचे खोके, खोक्यांवर जुन्या छत्र्या, आणि मधोमध फणसाच्या लाकडाची अवाढव्य खाट, माझ्या सासऱ्यांनी करून घेतलेली. आंब्याच्या दिवसांत खाटेखाली गवत पसरून त्यावर आंबे पिकत घातलेले असत. वर आम्ही, खाली आंबे. पहाटे नवरा डोळे न उघडता हात खाली सोडायचा, अंगठ्याने एकेक दाबून बघायचा आणि पिकलेला सापडला की अंथरुणातच चोखायचा. चादरींवरचे ते पिवळे डाग मी सगळा संसारभर घासत आले.

"कायतरी भायर टाका ह्यातला," मी म्हणायचे.

"आसांदे गो. लागतला कधीतरी," तो म्हणायचा. वर्षातून एखाद्या वेळी त्यातलं काहीतरी खरंच लागायचं. मग तो ते माझ्या नाकासमोर नाचवत बंदरावर जायचा.

तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करते. इथे मात्र 'तो' लिहिते आहे. आता तो भांडायला उलट येत नाही, तेव्हा निदान कागदावर तरी जरा जवळ घ्यावासा वाटतो.

थंडी सरत आली होती. एका सकाळी बंदरावर इंजिनाची दोरी ओढता ओढता तो वाळूत बसला. बरोबरच्या लोकांना वाटलं, थट्टा करतोय. तसल्या थट्टा करायची त्याला खोडच होती. तोंड वाकडं झालेलं दिसलं तेव्हा कुठे धावाधाव झाली. तोंडवलीच्या पुढे आमचं घर, तिथून कुडाळ, कुडाळहून लगेच गोव्याला. मी पोचले तेव्हा त्याचा उजवा हात आणि उजवा पाय गेलेला होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. डोळे मात्र जागे होते. ते माझ्यामागे फिरत होते.

तिथले डॉक्टर घाईत असले तरी चांगले बोलले. म्हणाले, पहिले काही महिनेच महत्त्वाचे. जे परत यायचं ते बहुतेक त्यातच येतं. व्यायाम रोज झाला पाहिजे. पाण्याचा ठसका लागतो, तेव्हा चमच्याने द्या. घरी गेल्यावर खोली शांत हवी, वाटेत अडथळे नकोत, खाट उंच असेल तर पडायची भीती. त्यांनी हे सगळं एका दमात सांगितलं. त्यातला 'शांत' हा शब्द मी धरून ठेवला, कारण बाकीचं काही माझ्या हातात नव्हतं.

दीर त्याच्यापाशी थांबला आणि मी घर तयार करायला परतले. मुलगी पुण्याला नोकरी करते. ती येऊन बापाला बघून गेली होती, तिची रजा संपली होती. पण फोनवरून ती माझ्या सोबत होती. तिने मला खोल्यांची चित्रं पाठवली. पांढऱ्या भिंती, पांढरा पडदा, जमिनीवर एक जाड गादी, तिच्यावर पांढरी चादर, कोपऱ्यात एक छोटा दिवा. बस्स. कुठे खिळा नाही की खिळ्याला पिशवी नाही.

"आई, खोलीत जितक्या वस्तू कमी, तितकं डोकं शांत राहतं," ती म्हणाली. पुण्याला गेल्यापासून ती माझ्याशी अशीच शुद्ध बोलते. "बाबांना आता हेच हवंय. आणि जमिनीवर असतील तर पडणार कुठून?"

मला ते पटलं. पटलं म्हणजे काय, मी त्याच्यामागे वेडी झाले. इतकी वर्षं त्या खोलीला शिव्या घालत होते, आता वाटलं की ह्या पसाऱ्यानेच त्याच्या डोक्यात गाठ धरली. माझी आई असती तर तिने नवस बोलला असता. मी नवस बोलले नाही, मी पदर खोचून खोली रिकामी करायला घेतली. ही खोली जेवढी मोकळी होईल तेवढा तो बरा होईल, असा हिशोब मी मनाशी बांधला होता आणि त्यावर माझा आंधळा विश्वास बसला होता. इंजिनाचे पंखे गोठ्यात गेले. डबे गेले. माझं मशीन पडवीत गेलं. कॅलेंडर, आरसा, त्याचा रेडिओ, सासू-सासऱ्यांचे फोटो, सगळं गेलं. रंगाऱ्याला सांगितलं, पांढरा म्हणजे पांढराच, त्यात पिवळ्याचा थेंबही नको.

शेवटी खाट राहिली. पाचरी ठोकून तिचे पाय सुटे केले आणि शेजारच्या मुलग्यांनी ती दाराबाहेर काढली. शेजारची काकी तेव्हा अंगणात उभी होती. ही काकी म्हणजे कुणाकडे नवा पाटा आला तरी तासभर चौकशी करणारी. ती त्या खाटेकडे बघत राहिली.

"खाट भायर काढलंस?" तिने विचारलं.

"होय. खाली गादी घालतलंय," मी म्हटलं. "तेंका शुक्रवारी घराक हाडूचा आसा."

तिने माझ्या तोंडाकडे जरा वेळ बघितलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि "बरा" एवढंच म्हणून गेली. संध्याकाळी तिने माझ्यासाठी पेज पाठवली. मला वाटलं, किती माया आहे हिला.

शुक्रवारी त्याला आणलं. कुडाळहून आणलेली गादी मी खिडकीखाली घातली होती, वर कडक इस्त्रीची पांढरी चादर. पडदा ओढलेला होता म्हणून चित्रातल्यासारखा, मुलीने पाठवलेला छोटा दिवा उशापाशी लावून ठेवला होता. चौघांनी त्याला उचलून आत आणलं. मी पुढे होऊन सांगत होते, "खाली घेवा. हळू. खाली, अजून खाली." त्याला गादीवर ठेवल्यावर त्याने भिंतीकडे बघितलं, दिव्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानापर्यंत ओघळलं.

मी मुलीला फोन केला. म्हटलं, खोली बघून बाबांना भरून आलं गो.

त्यानंतर तो हललाच नाही. गोव्याहून निघताना तो उजव्या पायाची बोटं हलवत होता, दीर ते शपथेवर सांगत होता. इथे आल्यावर बोटंही थांबली. व्यायाम करून घेणारी मुलगी कुडाळहून स्कूटरवर यायची. गुणी पोर. ती त्याचा पाय हातात धरून म्हणायची, "काका, दाबा. माझ्या हातावर जोर द्या. निदान डाव्या पायाने तरी." तो छताकडे बघायचा. जाताना ती चपला घालता घालता मला हळूच म्हणायची, "काकू, काका मनावर घेत नाहीयेत." म्हणजे काय करू मी? मन काय मशीनवर घालून शिवता येतं?

जेवणही तेच. दोन घास घ्यायचा आणि ओठ मिटायचा. पाणी मी चमच्याने द्यायचे. छातीत कफ भरला होता म्हणून पाण्यात तुळशीची पानं टाकून ठेवायचे. ते पाणी बघितलं की तो मान वळवायचा. मी हनुवटी धरून चमचा आत घालायचे, थोडं आत, थोडं उशीवर. उशीचा अभ्रा दिवसातून दोनदा बदलायचे, कारण खोलीत डाग दिसता कामा नये.

लोक भेटायला येत होते. वालावलहून नणंद आली, बंदरावरची माणसं आली. मी सगळ्यांना दारातच ताकीद देऊन ठेवली होती: आत मोठ्याने बोलायचं नाही, हसायचं नाही, एकेकाने जायचं आणि लवकर निघायचं. ते चपला काढून आत जायचे, भिंतीला टेकून उभे राहायचे आणि हात जोडून बाहेर यायचे. इतकी शांत खोली मी जन्मात बघितली नव्हती. नणंद बाहेर येऊन पडवीत रडली. मी तिला म्हटलं, रडू नको, डॉक्टरांनी आशा दिलीय. ती माझा हात धरून मान हलवत राहिली, मी काहीतरी खोटं बोलते आहे आणि तिने ते समजून घेतलं आहे, अशी.

दिवस जात होते आणि मी ते बोटांवर मोजत होते. पहिले काही महिने, डॉक्टर म्हणाले होते. आमचे ते महिने ह्या पांढऱ्या खोलीत नुसते पडून संपत होते. मी आणखी वस्तू काढायला लागले. टिकटिक नको म्हणून घड्याळ काढलं. कोपऱ्यातली कुंडी काढली, मुंग्या येत होत्या. देवाची तसबीर तेवढी राहिली होती, तीसुद्धा एके दिवशी काढली, आणि खिळ्याचं भोक चुना घालून बुजवलं. माझ्या प्रत्येक फेरीला त्याची नजर माझ्या हातातल्या वस्तूबरोबर दारापर्यंत जायची आणि परत छताला लागायची. मला कळत नव्हतं की अजून काय काढू. काढण्यासारखी मीच उरले होते.

एका दुपारी माझा तोल गेला. व्यायामवाली मुलगी नुकतीच निघून गेली होती. मी भात कालवून त्याच्यापाशी बसले. तो तोंड उघडेना. मी विनवलं, मग रागावले, मग परत विनवलं. मुलीची शपथ घातली. काही नाही. मग मी ताटली भुईवर आपटली. पांढऱ्या भिंतीवर आमटी उडाली.

"उठाचा नाय तर मरा एकदाचे," मी म्हटलं. हे शब्द माझ्याच तोंडचे आहेत, मला ते कुणावर ढकलता येत नाहीत. "मी किती करू? मी एकटी किती करू?"

त्याचे ओठ हलायला लागले. गोव्यापासून तोवर त्याने शब्द काढला नव्हता. मी पुढे वाकले. त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या होत्या, दोरी ओढताना ताणायच्या तशा.

"भुंयर," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता श्वास. "भुंयर... घेतलंस. मगे... उठू... कित्याक?"

आमच्याकडे माणूस जायला टेकला की त्याला खाटेवरून खाली घेतात. खाटेवर जीव जाऊ नये म्हणून. भुईवर घोंगडी घालतात, उशाशी दिवा लावतात, तोंडात चमच्याने तुळशीचं पाणी घालतात, आणि गाव एकेक करून येऊन बघून जातो. मोठ्याने कुणी बोलत नाही. हे मला काही नवीन नव्हतं. मी इथलीच आहे. माझे सासरे गेले ते ह्याच खोलीत, ह्याच खिडकीखाली. ह्याच खाटेवरून त्यांना खाली घेतलं होतं नवऱ्याने आणि दिराने, आणि पाण्याचा चमचा मी दिला होता. तेव्हाही कुणीतरी पुढे होऊन म्हणत होतं, खाली घेवा, हळू.

ते सगळं मला माहीत होतं आणि तरी माझ्या डोळ्यांपुढे फोनमधली चित्रं होती. तो मात्र आला त्या दिवसापासून भुईवर पडून मरणाची वाट बघत होता. डॉक्टरांनी हात टेकले, बायकोने तयारी केली, आता किती दिवस, एवढंच तो मोजत होता. जाणाऱ्या माणसाने पायाचं बोट कशाला हलवायचं?

मी अंगणात आले आणि काकीला हाक मारली. ती धावत आली, पदर तोंडाला लावूनच. तिला वाटलं, झालं.

"खाट आत घेवची आसा," मी म्हटलं.

तिला काही समजेना. मी तिला तिथेच सांगितलं, जमेल तसं, मधेमधे रडत. "माका वाटला डॉक्टरान हात टेकल्यान," ती म्हणाली. "सगळ्या वाडीक ताच वाटला."

"मगे माका विचारूक नाय?"

"काय विचारतलंय गो? तू इतक्या शांतपणान सगळा करी होतंस."

पुरुष बंदरावर होते. त्यांची वाट बघायचा धीर मला नव्हता. काकी, मी आणि वाडीतल्या दोघी, चौघींनी गोठ्यातून खाट ओढून काढली. तिच्यावर लाकडं रचली होती, कोळ्यांनी जाळी केली होती. पाय बसवताना पाचर बसेना, तेव्हा मी त्याचाच मोठा पाना आणून ठोकली. तो खालून बघत होता. मग चौघींनी त्याला चादरीसकट उचललं. तो जड माणूस. काकीच्या पाठीत उसण भरली, ती नंतर आठवडाभर वाकून चालत होती. त्याला खाटेवर ठेवल्यावर मी तो दिवा विझवला आणि पडदा उघडला. आमटीचे डाग भिंतीवर होते, ते तसेच राहू दिले.

"तुमी मरूचे नाय आसास," मी त्याला म्हटलं. "डॉक्टरान तसा काय एक सांगूक नाय. माझो गाढवपणा तो." त्याने डोळे मिटले. विश्वास ठेवला की नाही, कळायला मार्ग नव्हता.

सगळं हळूहळू परत आत आलं. रेडिओ आला, कॅलेंडर आलं, इंजिनाचा एक पंखा मी त्याला दिसेल असा खाटेच्या पायथ्याशी ठेवला. माझं मशीन आलं. लोकांना मी सांगितलं, आत जाऊन मोठ्याने बोला, भांडायचं असेल तर तेही आतच भांडा. तो खायला लागला. व्यायामवाली मुलगी म्हणाली, काका आता साथ देतायत. डावा हात, डावा पाय कामाला लागले. अधूनमधून शब्द येऊ लागले, बहुतेक शिव्याच, त्याही अर्ध्या.

पण उजवा पाय आला नाही. गोव्याला परत दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी पाय उचलून बघितला, सोडला, तो तसाच पडला. "घरी व्यायाम नियमित झाला ना सुरुवातीला?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, मग जेवढं यायचं तेवढं आलंय असं धरून चालू. परतीच्या वाटेवर तो गाडीत झोपला होता आणि मी खिडकीबाहेर बघत होते. मला नीट दिसत नव्हतं. तो पाय कदाचित तसाही आला नसता. कदाचित आला असता. हे मला आता कधीच कळणार नाही, आणि ब्लाउजची काखेतली शिवण घालताना, मासे धुताना, आंघोळीला बसले असताना हेच माझ्या डोक्यात घोळतं. मुलीला मी काही बोलले नाही. तिने फोनवर खोली बघितली तेव्हा एवढंच विचारलं, "आई, परत भरलीस?" मी म्हटलं, बाबांना करमत नव्हतं.

ह्यालाही आता बरेच दिवस झाले. त्याच्या लुळ्या अंगाला उशा लावाव्या लागतात, तेव्हा खाटेवर दोघांना जागा होत नाही. ती कुडाळची गादी मी माझ्यासाठी घेतली. खाटेला लागून भुईवर घालते, अर्धी खाटेखालीच जाते, जिथे पूर्वी आंब्यांचं गवत असायचं. मला तिथे बरं वाटतं. खरं सांगायचं तर तीच माझी जागा आहे असं वाटतं. कितीतरी सकाळी डोळे उघडले तरी उठावंसं वाटत नाही. कोंबडा ओरडून जातो, काकीची बादली वाजते आणि मी खाटेखालच्या फळ्यांकडे बघत पडून राहते. उठून करायचं काय, तर तेच सगळं परत.

गेल्या महिन्यात एका पहाटे त्याचा डावा हात खाली आला. तो चाचपत होता. गादीची कड, माझी वेणी, मग माझा गाल त्याला लागला. त्याने अंगठ्याने गाल दाबून बघितला. पूर्वी आंबा दाबायचा तसाच. गाल ओला होता.

"वयर ये," तो म्हणाला.

"खंय येव?" मी म्हटलं. "जागा खंय आसा?"

खाट करकरली. मी उठून बसले. त्याने डावा पाय रोवला होता आणि पाठ घासत घासत तो स्वतःला भिंतीकडे ढकलत होता. हेच करा म्हणून ती व्यायामवाली मुलगी कधीची मागे लागली होती आणि त्याने कधी केलं नव्हतं. उजवा हात भिंतीशी चेंगरला, तो त्याला कळला नाही. बोटभर सरकायचा, थांबायचा, परत ढकलायचा. कपाळावर घाम आला होता. मी मदत केली नाही. मी मांडीवर हात ठेवून बघत बसले.

शेवटी खाटेच्या कडेला एक वीतभर जागा झाली.

"भुंयर नको," तो धापा टाकत म्हणाला. "वयर ये."

मी माझी उशी उचलली आणि त्या कडेवर अंग आखडून आडवी झाले. अर्धी मी खाटेबाहेरच होते. त्याने डाव्या हाताने मला धरून ठेवलं, पडू नये म्हणून.